फी सांगा आणि गप्प बसा

ठाकूरद्वारच्या डॉ. अनंत खांबेट्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, हाताला गुण आहे असं अख्खं गिरगाव म्हणायचं. त्या हाताला फी घ्यायची सवय नाही, हेही गिरगावाला माहीत होतं, पण ते कुणी मोठ्याने म्हणत नसे. कशाला म्हणा! आत अण्णा एखाद्या अल्सेशियनच्या कानात औषध घालून मालकाला सांगत, "राहू दे हो, घरचंच कुत्रं आहे." बाहेरच्या टेबलाशी त्यांची बायको, पद्मजाबाई, त्याच मालकाला हसतमुखाने अडवत, "डॉक्टर विसरले वाटतं. इथे द्या." गिरगावातली झाडून सगळी कुत्री घरचीच निघाली तर घर कशावर चालवायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. दवाखाना बंद होईपर्यंत अण्णांनी त्याचं उत्तर शोधलं नाही.

पद्मजाबाईंनी स्वतः इतक्या वर्षांत एकाही प्राण्याला हात लावला नव्हता. प्राणी त्यांना आवडत नसत असं नव्हे. प्राणी टेबलाच्या पलीकडे असले की त्यांची काहीच हरकत नसे. त्यांचं सगळं लक्ष प्राण्यांच्या माणसांवर. कोण खरंच अडचणीत आहे आणि कोण गळ्यातली साखळी झाकायला पदर ओढून घेतं आहे, हे त्या माणूस पायरी चढतानाच ओळखत. जो अडचणीत असे त्याला त्या चारचौघांत अवघडू न देता सोडून देत. दुसऱ्याला मात्र देवही सोडवू शकत नसे.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अण्णांनी दवाखाना बंद केला. दादरला त्यांच्या व्यवसायबंधूंनी एक निरोप समारंभ ठेवला. शाल, नारळ, आणि अण्णांचा हात कसा परीस आहे यावर सहा भाषणं. पद्मजाबाईंना एक गुलाबाचं फूल मिळालं, तेही कुणाचं तरी उरलेलं. चहाच्या वेळी एक तरुण डॉक्टर त्यांच्याजवळ सरकला आणि इकडेतिकडे बघून, जणू काही चोरीचा माल विचारतोय अशा आवाजात म्हणाला, "काकू, जागेचं भाडं कसं काढायचं असतं हो?"

पद्मजाबाईंनी त्याला तिथेच कोपऱ्यात घेतलं. चहा संपेपर्यंत त्या कोपऱ्यात चार डॉक्टर झाले होते, आणि व्यासपीठावर परीस एकटाच शाल सांभाळत बसला होता.

अशी ती शनिवारची शिकवणी सुरू झाली. दादरला एका शाळेमागच्या छोट्या हॉलमध्ये परळ, वडाळा, पार रे रोडपर्यंतचे जनावरांचे डॉक्टर जमत. हुशार पोरं. गाईच्या चार पोटांची नावं झोपेतून उठवलं तरी सांगतील. आपलं एकुलतं एक पोट कसं भरायचं हे मात्र त्यांना पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात कुणी सांगितलं नव्हतं. पद्मजाबाईंची पद्धत सोपी होती. एकेकाला उभं करायचं आणि फी सांगायला लावायची. पोरं फी सांगत, पण लगेच पुढे जोडत, "म्हणजे... तुम्हाला जमेल तसं."

"जमेल तसं नाही," पद्मजाबाई म्हणत. "फी सांगा आणि गप्प बसा. यातलं गप्प बसणं जास्त महत्त्वाचं. वाघाच्या तोंडात हात घालता ना? मग दोन मिनिटं तोंड मिटून बसायला काय होतं?"

वाघाच्या तोंडात त्यांच्यापैकी कुणीच हात घातला नव्हता. सगळा कारभार शित्झू आणि पर्शियन मांजरांचा. पण शिकवणीत वाघ बरा दिसतो.

या वर्गात सगळ्यात वाईट विद्यार्थिनी होती डॉ. मेघना घाडीगावकर. मुलगी लालबागची. वडील गुणाजी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका सोसायटीच्या गेटवर बसले आणि पोरीला डॉक्टर करूनच उठले. मेघनाचा हात अण्णांइतकाच चांगला होता, आणि दुर्दैवाने स्वभावही. तिने खाडिलकर रोडला भाड्याने गाळा घेऊन दवाखाना थाटला, आणि लालबागहून अख्खी चाळ आपापली मांजरं घेऊन बसने गिरगावात यायला लागली. प्रत्येकजण तिचा कुणी ना कुणी. मामा, आत्ये, वडिलांच्या गिरणीतले जॉबर, आईच्या भजनातल्या बायका. "आमच्या मेग्याचो दवाखानो!" म्हणत कौतुकाने यायचे आणि कौतुक देऊनच जायचे. मेघनाला वाटायचं, कौतुकावर जागामालक महिनाभर तरी थांबेल. तो थांबायचा नाही.

"माझ्याच्याने होत नाही काकू," ती एका शनिवारी म्हणाली. "समोर माणूस रडत असतो. मी पैसे कसे मागू?"

"रडणाऱ्याकडे मागू नकोस. रडून झालेल्याकडे माग."

पद्मजाबाई पुढल्या सोमवारी सरळ तिच्या दवाखान्यात जाऊन बसल्या. दिवसभर काही बोलल्या नाहीत, हे त्यांच्यासाठी मोठं पथ्य होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "तू उपचार आणि पैसे एकाच तोंडाने बोलतेस, तिथे घोळ आहे. बाहेर एक टेबल टाक. एक बाई ठेव, आणि ती तुझ्या नात्यातली नको. भिंतीवर दर लाव. मामा आला तर मामाला चहा पाज, पण लस फुकट नाही."

मेघनाने टेबल टाकलं. दर लावले. मामा रागावले, आत्येने दोन महिने बोलणं टाकलं, आणि मग दोघेही आपापली मांजरं घेऊन परत आले. कारण राग मांजराला इंजेक्शन देऊ शकत नाही. दवाखाना हळूहळू उभा राहिला. पद्मजाबाई शनिवारच्या वर्गात मेघनाचं उदाहरण द्यायला लागल्या. उदाहरण पहिल्या बाकावर बसून लाजायचं.

आणि मग गणपतीनंतर काय झालं कोण जाणे, मेघनाची संध्याकाळ रिकामी पडायला लागली. सकाळी माणसं यायची, पण पाचनंतर टेबलावरची बाई पेपरातली कोडी सोडवत बसायची. त्यातही गिरगावची जुनी घरं, ठाकूरद्वार, फणसवाडीकडची, तीच गायब.

पद्मजाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता गुन्हेगार ठरवून टाकला. ऑपेरा हाउसकडे एक काचेचा दवाखाना नुकताच उघडला होता. आत एसी, सोफे, माणसांसाठी कॉफी आणि कुत्र्यांसाठी संगीत. "स्पर्धकाचा अभ्यास केल्याशिवाय धंदा होत नाही," असं मेघनाला बजावून त्या स्वतःच अभ्यासाला गेल्या, बरोबर कुठलाही प्राणी नसताना. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून विचारलं, "बेबीचं नाव काय, मॅम?"

पद्मजाबाईंनी तयारी सगळी केली होती, नावाची सोडून. आयुष्यात नवऱ्याला त्यांनी ज्या नावाने कधी हाक मारली नव्हती तेच नेमकं तोंडातून निघालं. "अण्णा."

"सो क्यूट! कॅट की डॉग?"

"मांजर. घरी आहे. आणलं नाही."

"एज?"

"बरंच आहे."

"न्यूटर्ड आहे का, मॅम? नसबंदी?"

पद्मजाबाईंनी कॉफी अर्धी टाकली आणि बाहेर आल्या. त्या अर्ध्या कॉफीत त्यांच्या एक गोष्ट मात्र लक्षात आली होती. त्या थंडगार काचेत त्यांच्याखेरीज दुसरं कुणीही नव्हतं. म्हणजे गिऱ्हाईक इथे येत नव्हतं. मग जात कुठे होतं?

उत्तर भाजीवाल्यापाशी मिळालं. फणसवाडीतल्या कौसल्याबाई मेथी निवडून घेत होत्या. त्यांची म्हातारी मांजरी मेघनाची जुनी पेशंट. पद्मजाबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हल्ली सोनीला नेत नाही का हो दवाखान्यात?"

"आता कशाला?" कौसल्याबाई म्हणाल्या. "तुमचे मिस्टरच बघतात की तिला. बागेत." आणि पद्मजाबाईंचा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "अगंबाई, तुम्हाला माहीत नाही होय?"

गेले कित्येक दिवस अण्णा संध्याकाळी पाचला पांढरी टोपी घालून बाहेर पडत. गुडघ्याला चालणं हवं, डॉक्टरांनी सांगितलंय. एक पिशवी बरोबर असे. पिशवीत काय, तर पाण्याची बाटली आणि स्वेटर, बागेत वारं असतं. मुंबईतल्या ऑक्टोबरमध्ये स्वेटर घेऊन जाणाऱ्या माणसाचा आपल्याला संशय कसा आला नाही, याचाच पद्मजाबाईंना जास्त राग आला.

त्या तडक चर्नी रोडच्या बागेकडे गेल्या. कुत्र्यांना आत सोडत नाहीत, म्हणून दवाखाना बागेच्या कठड्याबाहेर फुटपाथवर भरला होता. अण्णा एका घडीच्या स्टुलावर बसले होते, गळ्यात स्टेथोस्कोप, मांडीवर एक बिथरलेलं पॉमेरेनियन. मागे रांग. टोपल्या, पिंजरे, टॉवेलात गुंडाळलेली पिल्लं. मेघनाची सगळी संध्याकाळ तिथे शिस्तीत उभी होती.

"अहो," पद्मजाबाई म्हणाल्या.

अण्णांनी मान वर केली. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा करायचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण ते इतके खूश होते की जमलं नाही. "अगं, ये ना! हे बघ, याच्या कानात केवढी मोठी गोचीड होती."

घरी आल्यावर भांडण झालं. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. "मी फी घेत नाही. मग ही प्रॅक्टिस कशी?"

"तेच तर! तुम्ही फी घेतली असतीत तर निम्मी माणसं तरी त्या पोरीकडे गेली असती. मी शनिवारी तिकडे घसा कोरडा करून शिकवते आणि तुम्ही रोज संध्याकाळी ते धुऊन टाकता. तेही माझ्याच घरातून, माझ्याच पिशवीतून!"

अण्णांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "दिवसभर घरात बसून काय करू गं? सकाळी पेपर वाचतो. तो संपतो."

यावर पद्मजाबाईंनी उत्तराऐवजी योजना काढली. धंद्याचं शिकवणाऱ्या माणसाला योजनेवाचून झोप येत नाही. अण्णांनी मंगळवारी आणि शुक्रवारी मेघनाच्या दवाखान्यात बसायचं. गिऱ्हाईकं परत येतील, अण्णांना काम मिळेल, पैसे बाहेरच्या टेबलावर. "अनुभवी डॉक्टरांचा सल्ला", अशी पाटीसुद्धा त्यांनी मनात रंगवली. मेघना तर आनंदाने उडालीच. अण्णांना नमस्कार करून त्यांच्यासाठी गादीची खुर्ची घेऊन आली.

कागदावर योजना निर्दोष होती. तिच्यात फक्त अण्णा होते.

पहिल्याच शुक्रवारी रांग रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, आणि तिथेच राहिली. कारण अण्णा एकेका कुत्र्याच्या आजीची चौकशी करत होते. लस टोचून झाल्यावर ते मालकाला हळूच सांगत, "बाहेर विचारलं तर सांग, नुसतं दाखवायला आलो होतो." टेबलावरच्या बाईने कोडी सोडून आता आत-बाहेर पळायला सुरुवात केली. मेघना एखादं औषध लिहून देई आणि अण्णा प्रेमाने कागद बघून म्हणत, "एवढं नको गं. ताकभात दे, बरा होईल." बऱ्याचदा खरोखरच ताकभाताने बरं वाटे. मेघना हसून सोडून देई. सोडून देण्यात ती पहिल्यापासून हुशार.

मग कौसल्याबाईंच्या सोनीचं झालं. मांजरी पाणी फार प्यायची आणि वाळत चालली होती. मेघनाने तपासून सांगितलं, रक्त तपासायला हवं. कौसल्याबाईंनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "म्हातारी झालीय ती. ऑक्टोबरचा उकाडा आहे, पाणी पिणारच. कशाला सुया टोचायच्या बिचारीला?"

मेघनाने तोंड उघडलं आणि मिटलं. समोर अण्णा होते. ज्यांचं नाव ऐकत ती परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकली, ते अण्णा.

दिवाळीच्या तोंडावर कौसल्याबाई धावत आल्या तेव्हा सोनी टॉवेलात निपचित पडली होती. मूत्रपिंडं गेल्यात जमा होती. मेघनाने तिला सलाइन लावलं, दोन दिवस दवाखाना सोडला नाही, लालबागला घरी फराळाला गेली नाही. मांजरी वाचली, पण आता कायमची औषधावर. कौसल्याबाई अण्णांना काही बोलल्या नाहीत. मेघनाला म्हणाल्या, "तुला माहीत होतं, तर तेव्हाच ठणकावून का नाही सांगितलंस?"

मेघना हे पद्मजाबाईंना सांगताना रडली. पद्मजाबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "त्यांना काढ."

"तुम्ही सांगा ना, काकू. प्लीज."

खरं तर पद्मजाबाईंना तेच करायचं होतं. घरी जाऊन, भाकरी वाढता वाढता, 'उद्यापासून नका जाऊ' म्हटलं असतं की संपलं असतं. अण्णांनी ऐकलंही असतं. पण दवाखाना मेघनाचा होता. "मी सांगितलं तर ते बायकोचं ऐकतील," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तर डॉक्टर डॉक्टरचं ऐकेल. त्यांचा तेवढा मान राख."

मंगळवारी अण्णा आले तेव्हा पद्मजाबाई बाहेर वजनकाट्यापाशी उभ्या राहिल्या. दार अर्धं उघडं होतं.

"अण्णा," मेघना म्हणाली, "तुम्ही मला खूप शिकवलंत. पण माझ्या पेशंटला मी सांगितलेली तपासणी तुम्ही रद्द केलीत, आणि मी गप्प बसले. चूक दोघांची आहे. दवाखाना माझा आहे, म्हणून जबाबदारी माझी. यापुढे तुम्ही इथे बसू नका."

आणि ती थांबली. 'म्हणजे जमलं तर' नाही, 'राग मानू नका' नाही. पद्मजाबाईंना बाहेर उभ्या उभ्या वाटलं, आता काहीतरी जोड गं पोरी. एवढी शांतता बरी नाही.

अण्णांनी स्टेथोस्कोप काढला, त्याची गुंडाळी केली, पिशवीत ठेवला. "सोनी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"खातेय आता."

"मी बघायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "मी तिचं वय बघितलं, तिला बघितलंच नाही." दारापर्यंत येऊन ते वळले. "त्या पॉमेरेनियनच्या कानाचे टाके गुरुवारी काढायचेत. चावतं ते. मुसकं बांध आधी."

उरलेल्या दिवशीचा फुटपाथवरचा दवाखानाही अण्णांनी त्याच आठवड्यात उचलला. आता ते खरोखरच नुसते फिरायला जात, रिकाम्या हाताने, आणि पद्मजाबाईंना ते बघवत नसे. ज्या नवऱ्याने संसारभर त्यांच्या टेबलाच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या, तो आता काही म्हणजे काहीच बिघडवत नव्हता. जेवायला हाक मारली की येत, वाढलं ते खात. घरात अशी शिस्त यावी म्हणून त्यांनी किती वर्षं जीव टाकला होता! आली तर ती खायला उठली.

एका शनिवारी त्यांनी हट्टाने अण्णांना दादरला बरोबर नेलं. कारण काय, तर हॉलची खिडकी लागत नाही. खिडकी लागत होती. अण्णांनी ती दोनदा लावून बघितली आणि मागच्या बाकावर बसले.

वर्गात त्या दिवशी फी मागण्याचा सराव चालला होता. वडाळ्याचा एक डॉक्टर, वैभव, डॉक्टर झाला होता आणि दुसरा एक गिऱ्हाईक. गिऱ्हाईक म्हणालं, "डॉक्टर, ही फी मला थोडी जास्त वाटते."

"असं कोण बोलतं?" मागून आवाज आला. "गिऱ्हाईक कधी असं बोलतं का? सरक बघू."

अण्णा पुढे आले. खांद्यावर पंचा टाकला, आवाज चढवला आणि बघता बघता रे रोडच्या लाकडाच्या वखारीचे मालक झाले. त्यांनी आधी नगरसेवकाची ओळख काढली, मग कुत्र्याची शपथ घेतली, मग पाकीट घरी विसरले आणि शेवटी वैभवलाच चहा मागितला. वैभव घामाघूम. वर्ग हसून लोळला. मग अण्णा कौतुक करणारी आत्या झाले, मग इंग्रजीत धमकी देणारा सोसायटीचा सेक्रेटरी. फी न देणारी जेवढी माणसं त्यांनी आयुष्यभर सोडून दिली होती, ती सगळी त्यांच्यात जशीच्या तशी जपलेली होती. पद्मजाबाई यातल्या प्रत्येकाला ओळखत होत्या. प्रत्येकाशी त्या बाहेरच्या टेबलावर लढल्या होत्या. आता आत काय चालायचं ते त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

मेघनाची पाळी आली. सगळे हसायच्या तयारीत. अण्णा तिच्यासमोर खुर्चीवर बसले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि जमिनीकडे बघत राहिले.

"झोपवलंत त्याला?" त्यांनी विचारलं.

मेघनाने मान हलवली.

"चौदा वर्षं होता. पोरगा अमेरिकेला गेला तेव्हा आणला होता." मग उठायला लागल्यासारखं करून, खिसा चाचपत, "याचे... याचे किती द्यायचे असतात, डॉक्टर?"

पद्मजाबाईंचा याबद्दल नियम होता: प्राण्याला कायमचं झोपवायचे पैसे आधी घ्यावेत, नंतर अवघड जातं. नियम अगदी बरोबर होता. तो त्यांच्या ओठांवर आला आणि तिथेच थांबला.

मेघना म्हणाली, "आज काही नाही बोलायचं. तुम्ही त्याच्याजवळ बसा हवा तेवढा वेळ. मी पुढल्या आठवड्यात फोन करीन, तेव्हा फी सांगेन."

"सांगशील ना नक्की?" अण्णांनी विचारलं, आणि हे वखारवाल्याने विचारलं की आत्याने की अण्णांनी, ते कुणाला कळलं नाही.

"सांगेन."

परतताना अण्णा दादरच्या फुलबाजारापाशी थांबून म्हणाले, "तो सेक्रेटरी जरा जास्तच झाला का गं?"

"फारच," पद्मजाबाई म्हणाल्या. "आणि आत्या लालबागची होती, तुम्ही पुण्याची केलीत."

पुढच्या शनिवारी हॉल भरला. निम्मे फी शिकायला आले होते आणि निम्मे अण्णा बघायला. दाराशी उभं राहून गर्दी बघताना पद्मजाबाईंनी मनाशी ठरवलं की पुढच्या महिन्यापासून शिकवणीची फी वाढवायची.